झाडाची उंची मोजायला काय घ्यावं, आणि रानात न्यावं कसं?

मास्तर_औसेकर
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा येळवसीला (वेळ अमावास्येला) रानात चिंचेखाली भज्जी-आंबील झाली आणि पोरांत वाद लागला. ही चिंच शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच की ठेंगणी? एकजण म्हणाला चाळीस फूट, दुसरा म्हणाला शंभर. मला विचारलं तर मलाही सांगता येईना.

त्यातून ठरलं की नववीच्या २२ पोरांनी आसपासच्या चार गावांतली जुनी झाडं नोंदवायची. वड, चिंच, लिंब (कडुलिंब), पिंपळ, एखादा शिरीष. घेराचं अवघड नाही, १.३७ मीटरवर टेप गुंडाळला की झालं. घोडं अडलंय ते उंचीपाशी. हाती सहा-सात हजार आहेत, तेही वर्गणीचे. हातातला क्लिनोमीटर (कोन मोजणारा) घ्यावा, लेझरवाला रेंजफाइंडर (अंतर मोजणारा) घ्यावा, की फोनवर भागवावं? दुसरं म्हणजे हे सगळं चालत न्यायचंय. रानात ज्वारी उभी आहे, बांधावरून वाट, पोरं नववीतली. नाजूक काही दिलं तर संध्याकाळी त्याचे दोन तुकडे परत येतील.

गोदाकाठची
वाचतेय. वाचनखूण साठवली.

कोडकरी_लातूर
सर, ॲप आहे की! फोन बुंध्यावर रोखा, मग शेंड्यावर रोखा, उंची तयार. फुकट. सहा हजारांचा हुरडा घाला पोरांना.

रानवाट_किनवट
मास्तर, राम राम. माझं अर्धं आयुष्य किनवटच्या सागवानात गेलं, म्हणून चार शब्द.

आम्ही हातातला क्लिनोमीटर वापरायचो, सुंटो कंपनीच्या जातीचा. ॲल्युमिनियमची डबी, आत द्रवात तरंगणारी चकती. ना सेल, ना बटण. नवीन माणूस एक डोळा मिटून बघतो, तिथंच चुकतो. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. एका डोळ्याला आतली रेघ आणि आकडे दिसतात, दुसऱ्याला झाड, आणि रेघ शेंड्यावर जाऊन बसते. ज्याच्या डोळ्यांचा मेळ बसत नाही त्याने एकदा दुसऱ्या डोळ्यावर हात धरून ताडून बघावं.

टक्क्यांची पट्टी असलेला मिळाला तर पोरांचं गणित अर्ध्यावर येतं. २० मीटरवर उभे राहा. शेंडा ६० टक्के वर, बुंधा ८ टक्के खाली. बेरीज ६८. वीसाचे ६८ टक्के म्हणजे १३.६ मीटर. डोळ्याची उंची मिळवायची भानगडच नाही. बुंधा डोळ्याच्या वर असेल, म्हणजे झाड चढावर असेल, तर बेरजेऐवजी वजाबाकी.

नेण्याचं म्हणाल तर दोरी गळ्यात आणि डबी शर्टाच्या खिशात. पँटच्या मागच्या खिशात नाही. आमच्या एकाने मे महिन्यात डबी जीपच्या काचेपाशी ठेवली. द्रव गळाला, चकती अडकायला लागली. पुढचे चार दिवस सगळा साग एकाच उंचीचा भरत होता आणि कुणाला शंकासुद्धा आली नाही!

कोडकरी_लातूर
काका, एकाच उंचीचा साग :)) त्याची तर जाहिरात करायला हवी होती.

बालाघाटी
@कोडकरी, ॲपचं मी करून पाहिलंय, गेल्या एप्रिलमध्ये, धारूरच्या बाजूला. उन्हात पडदा काळा ठिक्कर. रुमाल डोक्यावर घेऊन जुन्या फोटोवाल्यासारखा वाकलो तर फोन तापून बंद. गार व्हायला लिंबाखाली ठेवला. मग त्याच लिंबाची उंची अंदाजे लिहिली.

आणि ॲप स्वतः अंतर मोजत नाही. तुमच्या डोळ्याची उंची आणि बुंध्याचा कोन यावरून काढतं. बुंधा २० मीटरवर असेल तर तो कोन जेमतेम चार अंश खाली असतो. त्यात एका अंशाची चूक म्हणजे वीसाचे सोळा नाही तर सव्वीस. ज्या ॲपमध्ये टेपने मोजलेलं अंतर हाताने भरता येतं, तेवढंच वापरा.

कोडकरी_लातूर
हे माहीत नव्हतं. शब्द मागे. हुरडा मात्र कायम.

भूमितीबाई
सहा-सात हजार कशाला? फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक प्रत्येक शाळेत कपाटाच्या मागे धूळ खात असतो. त्याच्या सरळ कडेला जाड नळी चिकटवा (पेनाची रिकामी कांडी फार बारीक पडते), मध्यबिंदूला दोरा, दोऱ्याला एक जड नट. नळीतून शेंडा बघायचा, दुसऱ्या पोराने दोरा चिमटीत धरायचा आणि आकडा वाचायचा. नळी आडवी असताना दोरा ९० वर असतो, म्हणून खरा कोन म्हणजे ९० मधून वाचलेला आकडा वजा. ही वजाबाकी निम्मी पोरं विसरतात आणि ठेंगण्या बोरीची ताडाएवढी उंची आणतात.

अंतर कायम २० मीटर ठेवा आणि पुठ्ठ्यावर तक्ता लिहून द्या. ३० अंशाला ११.५, ३५ ला १४, ४० ला १६.८, ४५ ला २०. त्यात बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची मिळवा. वारं सुटलं की दोरा थरथरतो. तिथं जड नट आणि सकाळची वेळ, एवढाच उपाय.

आणि पोरांना भास्कराचार्यांचं वेळूचं उदाहरण आधी घाला. ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. लीलावतीतलं आहे. त्यांच्या घराण्याचा शिलालेख पाटणला, पाटणादेवीजवळ, म्हणजे आपल्या गौताळ्याच्या डोंगरापलीकडेच.

चावडीवरचा
वेळू मोडल्याशिवाय मोजता येत नाही का बाई?

भूमितीबाई
येतो. वर्गात लक्ष असलं तर.

शिंदीबन
आमच्या गावात शिंदी काढणारा एक गडी होता. त्याला विचारलं, झाड किती उंच? तर म्हणायचा, सात दम. सात वेळा थांबून चढायचा. यंत्रबिंत्र सोडा, माणूस वर पाठवा आणि दोर खाली सोडा.

मोजणीदार
@शिंदीबन, हसण्यावारी नेऊ नका. जगातलं सगळ्यात उंच झाड, कॅलिफोर्नियातला हायपेरियन नावाचा रेडवुड, ११५ मीटरच्या वर आहे. २००६ साली सापडला तेव्हा शेवटी शेंड्यापर्यंत चढून टेप खाली सोडूनच त्याचं माप पक्कं केलं. म्हणजे तुमच्या गड्याची पद्धत शास्त्रशुद्ध, फक्त एकक वेगळं.

आता मास्तरांसाठी. मी भूमापनात होतो, त्यामुळे माझं वेड जरा वेगळं. किनवटच्या काकांशी थोडं भांडायचंय. त्यांचा साग सरळसोट. शेंडा बुंध्याच्या बरोबर वर. तिथं टॅनचं गणित (अंतर गुणिले कोनाचा टॅन) बिनचूक चालतं. मास्तर मोजणार वड आणि चिंच. तिथं हेच गणित दगा देतं.

समजा वडाच्या खोडापासून २० मीटरवर उभे आहात. वर बघितलं, सगळ्यात वरचं टोक ४५ अंशात दिसलं. टॅन ४५ म्हणजे एक. वीस मीटर, डोळ्याचे दीड, साडेएकवीस लिहून मोकळे. पण ते टोक खोडाच्या वर नाहीच. तुमच्याकडे सहा मीटर झुकलेल्या फांदीचं आहे. तुमच्यापासून आडवं अंतर १४ मीटर. खरी उंची साडेपंधरा. सहा मीटर वड तुम्ही हवेत वाढवलात! यंत्र कितीही महागाचं असो, ही चूक तशीच राहते.

उपाय दोन. लेझर रेंजफाइंडर असेल तर थेट त्या टोकाचं तिरकं अंतर घ्या आणि कोनाच्या साइनने गुणा. बुंध्याचंही तसंच, मग दोन्हींची बेरीज. टोक कुठंही झुकलेलं असो, फरक पडत नाही. निकॉनच्या फॉरेस्ट्री प्रोसारखी यंत्रं हे आपोआप करतात, पण किंमत तुमच्या वर्गणीच्या पलीकडे जाईल. गोल्फवाल्यांचा साधा लेझर चालतो, फक्त कोन दाखवणारा घ्या. सुताराचा लाल ठिपक्याचा मीटर घेऊ नका. उन्हात ठिपका दिसतच नाही.

लेझर नसेल तर टोकाच्या बरोबर खाली एक पोरगं उभं करा. दोघांनी काटकोनात, दोन बाजूंनी ओळंबा धरून त्याला पुढे-मागे सरकवायचं. अंतर खोडापर्यंत नको, त्या पोरापर्यंत मोजायचं. फुकटात काम होतं आणि पोरांना ओळंब्याचा अर्थही कळतो.

रानवाट_किनवट
मोजणीदार साहेब, भांडण कुठलं, बरोबर आहे तुमचं. आमच्याकडं मोह आणि बेहडा मोजताना कुणी एवढा विचार करत नसे. सागाची सवय सगळ्याला लावली.

बालाघाटी
जवळ उभं राहायचा मोहही टाळा. २० मीटरचं झाड ४५ अंशात बघितलं तर एका अंशाची चूक म्हणजे पाऊण मीटरच्या आत. तेच सात मीटरवरून मान मोडून बघितलं तर एक मीटरच्या वर. झाड जेवढं उंच वाटतं तेवढं तरी लांब जा. बांध, विहीर, कुणाची तूर मध्ये आली की माणूस आळस करतो.

सावलीप्रेमी
सावली कुणी काढलीच नाही! एक मीटरची काठी रोवा, तिची सावली मोजा, झाडाची सावली मोजा, त्रैराशिक मांडा. मी पाचवीत शिकलो, अजून तेच करतो.

भूमितीबाई
सावलीने लिंबाचं जमेल, वडाचं नाही. जमिनीवर जे सावलीचं टोक दिसतं ते शेंड्याचंच असेल असं नाही, ते बाजूच्या फांदीचंही असतं. शिवाय जमीन सपाट हवी. आणि मे महिन्यात दुपारी करायला जाऊ नका. लातूरकडे मेच्या मध्यास, संभाजीनगरकडे त्यानंतर काही दिवसांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीला सावलीच राहत नाही. शून्याने भागाकार येईल.

चावडीवरचा
म्हणजे झाडाची उंची अनंत. नोंदवहीत लिहून टाका मास्तर.

उंडेकरीण
माझा अनुभव वेगळ्याच गोष्टीचा आहे. कॉलेजात असताना आम्ही तिघी परांड्याकडच्या एका गावात झाडं मोजत होतो. टेप पसरला, लाल झेंडी रोवली, वहीत आकडे लिहायला लागलो. दहा मिनिटांत आठ माणसं. "काय मोजू लालाव ओ? कुण्या रस्त्याची मोजणी?" आम्ही म्हणतो झाडाची उंची. कुणी मानायला तयार नाही. एक आजोबा म्हणाले, "झाडाची उंची मोजून कुणी पगार देत नसतंय, खरं सांगा." शेवटी सरपंचांना फोन, चहा, मग हशा.

तेव्हा मास्तर, साधन कुठलंही घ्या, पण ओळंबा-टेपच्या आधी शाळेचं पत्र पिशवीत टाका. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत सांगून या. लेझरची दुर्बीण रोखलेली दिसली तर आणखी गडबड. आमच्याकडे दुर्बिणीतून बघणारा माणूस म्हणजे जमीन जाणार, हे समीकरण पक्कं आहे.

परळीचा_पाहुणा
१००% सहमत. आमच्याकडे महामार्गाच्या मोजणीच्या वेळी ड्रोन दिसला की लोक दगड गोळा करायचे. आणि मोबदल्याचं म्हणाल तर...

संपादक
भूसंपादनासाठी वेगळा धागा आहे. कृपया झाडावर या.

चावडीवरचा
झाडावर या म्हणजे चढून?

मोजणीदार
विषय निघालाच आहे तर एक अवांतर. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानची मोजणी करणारा लॅम्ब्टनसाहेब मद्रासेकडून त्रिकोण मांडत उत्तरेला निघाला तेव्हा त्याच्या मोठ्या थिओडोलाइटचं, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राचं, वजन अर्धा टन होतं. ७८ रेखांशाच्या आसपास ती मोजणी सरकत आली. ते रेखांश माहूर आणि किनवट यांच्या मधून जातं. तो स्वतः १८२३ साली हिंगणघाटला वारला. कोनच मोजत होता तोही. आपण पाव किलोच्या डबीचं ओझं म्हणतोय.

पांदणवाट
ओझ्यावरून आठवलं. मूळ प्रश्नातल्या "न्यावं कसं" याला कुणी नीट हात घातलेला नाही. मी दरवर्षी रामलिंगच्या जंगलात आणि बाहेरच्या शिवारात पक्षी-झाडं करत हिंडतो, म्हणून सांगतो.

टेप फायबरचा ३० मीटरचा घ्या, उघड्या फिरकीचा. बंद डबीतला घेतला तर पहिल्याच दिवशी काळी माती आत जाते आणि मग तो गुंडाळताना दोन माणसं लागतात. गुंडाळताना ओल्या फडक्यातून ओढत आणायचा. कुसळं, चिकटा, माती सगळं फडक्यात राहतं. स्टीलचा टेप उन्हात हाताला चटके देतो आणि बाभळीच्या फांदीत अडकून मुरगळला की संपला. उभ्या ज्वारीतून टेप ओढू नका. ताटं मोडतात, आणि ज्याचं रान आहे त्याचं तोंड बघवत नाही. धुऱ्यावरून दिशा धरा, नाहीतर दुसऱ्या बाजूने मोजा.

बॅग पाठीची नको, खांद्याची झोळी. पाठीची बॅग काढ-घाल करण्यातच निम्मा वेळ जातो. लेझर असेल तर तो जुन्या मोज्यात घालून झोळीत. भारी कव्हर लोक काढून ठेवतात आणि हरवतात, मोजा कुणी चोरत नाही. काढणाऱ्याच्या मनगटात दोरी गेल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही, हा नियम एकदा मोडला आणि विहिरीत गेला. खरंच विहिरीत. माझाच.

पायात बूट. बाभळीचा काटा चपलेतून आरपार येतो हे तुम्हाला सांगायला नको. आणि मोठ्या पिंपळाखाली जाण्याआधी वर बघा. आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाची उंची लांबूनच चांगली.

गोदाकाठची
मोज्याची युक्ती आवडली. पण विहिरीचं सविस्तर लिहा ना!

पांदणवाट
नको. अजून हप्ते चाललेत.

उंडेकरीण
एक विचारू? उंचीचा एवढा हट्ट का? महाराष्ट्राच्या झाडं जपण्याच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. तो कायदा शहरी भागाचा, ठीक, पण तिथंही वयाचा प्रश्न आहे. उंचीवरून वय कळत नाही. आमच्या अंगणातली निलगिरी बारा वर्षांत लिंबाच्या डोक्यावर गेली आणि लिंब आजीच्या लग्नातला. वड-चिंचेचा पसारा मोजा, चार दिशांनी, सावलीच्या कडेपर्यंत. गावाला वड माहीत असतो तो किती गाडी-बैलं खाली बसतात यावरून.

मोजणीदार
पसारा मोजावाच, दुमत नाही. पण मास्तरांच्या पोरांचा वाद उंचीचा होता. पोराने विचारलं एक आणि आपण मोजून दिलं दुसरं, तर ते पुन्हा विचारणार नाही.

मास्तर_औसेकर
दीड महिन्याने येतोय, माफ करा. परीक्षा, मग लिंबाची पानगळ सुरू झाली आणि शेंडे मोकळे दिसायला लागले म्हणून घाई केली.

काय घेतलं ते सांगतो. विकत फक्त दोन फायबरचे टेप आणि नटबोल्ट. भूमितीबाईंच्या पद्धतीने पाच कोनमापक केले. लाकडी एकच होता, उरलेले पुठ्ठ्याचे. लेझर एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून उसना आणला, मोज्यात घालून. मोजा माझा, धुतलेला.

आधी पाण्याच्या टाकीवर सराव केला, कारण टाकीची उंची ग्रामपंचायतीच्या कागदावर सापडली. १५ मीटर. पाचपैकी चार गटांची उत्तरं १३.९ पासून १६.४ पर्यंत. एका गटाने ३१ आणली. ती ९० मधून वजा करायची विसरलेली पोरं. (बाई, तुम्ही सांगितलं होतं, मी वर्गात सांगायचं विसरलो.) दुसऱ्या फेरीत सगळे १४.५ ते १५.६ मध्ये आले. त्यानंतरच रानात गेलो.

लिंब आणि शिरीष सोपे गेले. वडाला मोजणीदार काका आठवले. खोडापर्यंतचं अंतर धरून १८.७ आली. टोकाखाली पोरगं उभं करून केलं तर १४.१. लेझरने साइन लावून १३.८. पोरांचा विश्वास बसेना, त्यांना १८.७ हवी होती. गावातलेही म्हणाले, आमचा वड कमी कशाला करता? आम्ही तिन्ही आकडे पद्धतीसह लिहिले आणि खाली १३.८ ला गोल केला. उंडेकरीणताईंचा पसाराही घेतला, उत्तर-दक्षिण ३१ मीटर. त्यावर मात्र गाव खूश.

शाळेचं पत्र तीन ठिकाणी दाखवावं लागलं. एका ठिकाणी पत्र वाचून गृहस्थ म्हणाले, "बरं, मग बसा, हुरड्याचं शेवटचं ताट उरलंय."

आणि ती चिंच, जिच्यावरून सगळं सुरू झालं, १२.४ मीटर. टाकीपेक्षा ठेंगणी. शंभर फूट म्हणणारा पोरगा आता म्हणतो टाकी चढावर आहे, ते धरलेलं नाही. बरोबर आहे त्याचं. टाकीच्या पायथ्यापासून चिंचेच्या पायथ्यापर्यंत उतार किती, ते पुढच्या शनिवारी.

रानवाट_किनवट
पोरगा भूमापनात पाठवा.

मोजणीदार
पाठवा. उतारावर टेप जमिनीला धरून टाकू नका, आडवा धरा, टप्प्याटप्प्याने ओळंबा सोडत. १५ अंशांच्या उतारावर २० मीटरचे १९.३ होतात. आणि लेझरचा सेल उसनवारीत संपवून परत देऊ नका.

मास्तर_औसेकर
संपलाय! सीआर-२ म्हणे. औशात कुणाकडे नाही, पेन्सिल सेल दाखवतात. कुणाला माहीत आहे का कुठं मिळतो?

कोडकरी_लातूर
लातुरात कॅमेरा दुरुस्तीवाल्यांकडे विचारा सर, जुन्या फिल्म कॅमेऱ्यांना तोच लागायचा. शनिवारी मी गावी येतोय, मिळाला तर घेऊन येतो. ॲप काढून टाकलंय.